बाटलीतल्या सापाचं विष ही पहिली काळजी नाही

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. व्हिएतनामच्या सहलीत हनोईच्या बाजारातून तुम्ही सापाच्या दारूची एक बाटली आणलीत. आत फणा काढलेला साप आहे आणि त्याच्या तोंडात काळा विंचू. रोज रात्री एक छोटा पेला घेतला की सांधेदुखी पळते, असं दुकानदाराने सांगितलं. तुमच्या सासऱ्यांचे, अण्णांचे, गुडघे दुखतात, त्यांना मधुमेहाच्या गोळ्याही चालू आहेत. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दारूत विष मरतं का? अण्णांना द्यायला हरकत नाही ना? आणि द्यायची नसेल तर बाटली शोकेसमध्ये ठेवली तर चालेल का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. अण्णांना एक थेंबही देऊ नका, आणि बाटली शोकेसमध्येही ठेवू नका. तुम्ही सगळ्यात जास्त घाबरला आहात ते विषाला, पण माझ्या यादीत विष बरंच खाली येतं. त्याच्या वर तीन गोष्टी आहेत: साप ज्यात बुडवला ती मूळ दारू कुठली, साप आतून कुजलाय का, आणि तो साप नेमका कोणता. बाजारातल्या अशा बाटलीबद्दल या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही देता येत नाहीत.

मी हे कशाच्या आधारावर बोलतोय तेही सांगतो. साप, सरडे, बेडूक यांचे मृत नमुने अल्कोहोलमध्ये जतन करणं आणि त्यांची ओळख पटवणं हे माझं काम आहे. त्यामुळे अल्कोहोल सापाच्या शरीरावर काय करतं आणि काय करू शकत नाही, हे मी बरण्यांमध्ये रोज बघतो. मी डॉक्टर नाही. गुडघ्याच्या उपचारांचा सल्ला मी देणार नाही, तो अण्णांना तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या.

सापाची दारू म्हणून सरसकट एकच गोष्ट नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. व्हिएतनाममध्ये तिला 'रुओउ रान' म्हणतात आणि ती घराघरांत केली जाते. तांदळाची कडक दारू मोठ्या काचेच्या बरणीत भरतात, त्यात साप आणि मुळ्या-साली घालतात, आणि महिनोन्महिने मुरवतात. नाग, पट्टेरी मण्यार आणि धामणीच्या जातीतला साप असे तीन एकत्र घातले की त्याला विशेष मान. हनोईच्या जवळचं ले मात हे गाव सापांच्या धंद्यासाठीच प्रसिद्ध आहे. जिथे ही परंपरा नीट पाळतात तिथे साप आधी साफ करतात, आतडी काढतात, दारू ओळखीच्या भट्टीतून घेतात. चीनमध्ये सोळाव्या शतकात ली शिचेन यांनी औषधींचा जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यातही सापांच्या दारूचे प्रकार नोंदलेले आहेत. म्हणजे ही कुणी काल पर्यटकांसाठी काढलेली टूम नाही, आणि तिच्यामागे एक वैद्यकपद्धती आहे याचा मला आदर आहे.

तुमची बाटली मात्र वर्णनावरून त्या घरगुती बरणीतली वाटत नाही. विंचू तोंडात धरून, फणा काढून बसलेला साप हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा असतो. नाग विंचू असा धरून बसत नाही. मेलेला साप ताठ होण्याआधी त्याला जी बैठक द्याल तीच पुढे कायम राहते. आम्हीही नमुन्याला बरणीत मावेल असं वेटोळं त्याच वेळात देतो. अशा बाटलीत सगळं लक्ष दिसण्याकडे असतं. ती कुणी पिणार आहे हा विचार करून साप आतून साफ केला असेल, याची शक्यता मला कमी वाटते.

आता विषाकडे येतो, कारण त्याबद्दल लोक दोन टोकांची विधानं करतात. एक गट म्हणतो दारूत विष पूर्ण मरतं, दुसरा म्हणतो एका घोटात माणूस जाईल. दोन्ही चूक.

सापाचं विष हे मुख्यतः प्रथिनांचं मिश्रण असतं. कडक अल्कोहोलमध्ये प्रथिनांची घडी मोडते, ती साकळून खाली बसतात. घोणस, फुरसे आणि त्यांच्या कुळातल्या सापांच्या विषात मोठी एन्झाइम्स जास्त असतात, ती अशा माऱ्यापुढे लवकर निकामी होतात. नागाच्या विषातली मज्जासंस्थेवर काम करणारी विषं वेगळी असतात. ती अगदी छोटी, साठ ते पंचाहत्तर अमिनो आम्लांची, आणि गंधकाच्या चार-पाच बंधांनी आतून घट्ट आवळलेली. अशी प्रथिनं चिवट असतात. शिवाय साकळलेलं प्रथिन कायमचं मेलं असं धरून चालता येत नाही, काही पुन्हा विरघळून कामाला लागतात. किती विष निकामी झालं हे दारू किती कडक होती, किती दिवस मुरली, साप कोणता होता, विषग्रंथी फुटली होती की शाबूत, यावर अवलंबून असतं. बाहेरून बघून हे सांगता येत नाही.

मग ते पोटात गेल्यावर काय होतं? विष रक्तात किंवा मांसात टोचलं गेलं तर मारतं. गिळलं तर जठरातला पाचक रस त्यावर तुटून पडतो, आणि जे उरतं तेही आतड्याच्या भिंतीतून सहजी पार होत नाही. म्हणून एवढे लोक पितात आणि विषबाधेने मरत नाहीत. पण 'सहजी होत नाही' याचा अर्थ 'कधीच होत नाही' असा घेऊ नका. हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंडात छाले असतील, जठरात व्रण असेल, तर वाट मोकळी असते. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी २०१६ साली आणीबाणीच्या उपचारांवरील एका वैद्यकीय नियतकालिकात एक रुग्ण नोंदवला आहे: सापाची दारू प्यायल्यावर त्याच्या रक्ताची गोठण्याची क्रिया गंभीरपणे बिघडली होती. एका रुग्णावरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही, पण असं घडू शकतं एवढं त्यावरून मान्य करावंच लागतं. अण्णांच्या वयाच्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ही शक्यता मी अजिबात हलक्यात घेणार नाही.

विषाबद्दल आणखी एकच. बाटली फुटली किंवा कुणी कुतूहलाने उघडली तर सापाच्या डोक्याला हाताने शिवू नका. विषदंत मेल्यानंतरही तितकेच अणकुचीदार राहतात आणि सुकलेलं विष वर्षानुवर्षं प्रभावी राहू शकतं. आम्ही जुन्या नमुन्याचंही तोंड चिमट्यानेच उघडतो.

आता माझ्या कामाचा जो गाभा आहे, तो कुजण्याचा प्रश्न. लोकांना वाटतं दारूत काहीही बुडवलं की ते टिकतं. तसं होत नाही. साप जतन करताना आम्ही तो आधी भूल देऊन शांतपणे मारतो, मग पोटाला ठरावीक अंतरावर बारीक चिरा देतो किंवा सुईने शरीरभर फॉर्मॅलिन, म्हणजे मांस पक्कं करणारं विषारी रसायन, टोचतो. फॉर्मॅलिनने आतलं मांस पक्कं झाल्यावर साप पाण्यात धुऊन घेतो आणि मगच ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतो. एवढा खटाटोप कशासाठी? कारण सापाची कातडी खवल्यांची, जवळजवळ जलरोधक. बाहेरचं अल्कोहोल आत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आतड्यातले जिवाणू पोट आतून खाऊन टाकतात. नवशिके विद्यार्थी चिरा द्यायचं टाळतात, तेव्हा काही दिवसांत सापाचं पोट टम्म फुगतं, पोटावरचे रुंद खवले सुटे होऊन तळाशी जमतात आणि द्रव गढूळ तपकिरी होतो. बरणी उघडली की वास सांगतो काय झालं ते.

हे ७० टक्के अल्कोहोलमध्ये होतं. बाजारातली तांदळाची दारू ३० ते ४५ टक्क्यांची असते. त्यात आणखी एक हिशेब लोकांच्या लक्षात येत नाही: सापाच्या शरीरात साधारण ७० टक्के पाणी असतं आणि ते दारूत उतरतं. अर्ध्या किलोचा साप अर्ध्या लिटर, ४० टक्के दारूत घातला असं धरा. दारूत शुद्ध अल्कोहोल २०० मिलिलिटर, सापाचं पाणी साडेतीनशे मिलिलिटर. सगळं समतोल झाल्यावर बाटलीतलं प्रमाण २४ टक्क्यांच्याही खाली येतं. मीठ कमी पडलेल्या लोणच्याला बुरशी धरते तसाच हा प्रकार. त्यात काही जिवाणूंचे बीजाणू तर ७० टक्क्यांतही मरत नाहीत. ते नुसते पडून राहतात आणि प्रमाण पुरेसं उतरलं तर जागे होऊ शकतात. म्हणून द्रव ढगाळ असेल, सापाचं पोट फुगलेलं असेल, तळाशी खवल्यांचा गाळ असेल, झाकण उघडताना वायू सुटत असेल, तर ती बाटली पिण्याच्या लायकीची नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

आता याच्या उलट बाजू. तुमच्या बाटलीत द्रव काचेसारखा नितळ असेल आणि सापाचे रंगही ताजे दिसत असतील, तर मला दुसरी शंका येते. अल्कोहोलमध्ये सापाचे रंग हळूहळू उतरतात. आपला हिरवागार हरणटोळ अल्कोहोलमध्ये ठेवला की काही काळाने निळा दिसू लागतो, कारण हिरव्यातला पिवळा रंग द्रवात विरघळून जातो. सापाच्या दारूला जो सोनेरी रंग येतो त्यातही असे रंग, चरबी आणि मुळ्या-सालींचा अर्क असतो. न कुजता, न उतरता, तळाशी गाळ न धरता राहिलेला साप बघितला की मी विचारतो, हा आधी फॉर्मॅलिनमध्ये तर ठेवला नव्हता ना? फॉर्मॅलिन पोटात जाणं घातक आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतल्या चाचणीतच कळतं. वास घेऊन बघण्याचा प्रयत्न कृपा करून करू नका.

आता मूळ दारू. मला विचाराल तर सगळ्यात मोठा धोका इथेच आहे, आणि याचा सापाशी संबंधही नाही. तांदूळ आंबवून दारू करताना मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, फार तयार होत नाही. माणसं मरतात ती कुणी स्वस्तात नशा वाढवायला औद्योगिक मिथेनॉल मिसळतं म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग विएंग या पर्यटकांच्या गावात सहा परदेशी पर्यटक असेच गेले. व्हिएतनाममध्येही मिथेनॉलमुळे मृत्यू झाले आहेत. आपल्याला हे परकं नाही, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं याच कारणाने गेली. मिथेनॉलला चव किंवा वास वेगळा कळत नाही, आणि 'पेटवून ज्योतीचा रंग बघा' ही युक्ती भरवशाची नाही. ज्या बाटलीवर कारखान्याचं नाव नाही, उत्पादन क्रमांक नाही, अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं नाही, तिच्यात काय आहे हे तिच्यातला साप सांगू शकत नाही. उलट सापाकडे बघताना दारू कुठली हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

इथे थांबून एक महत्त्वाचं. अण्णांनी किंवा घरात कुणी आधीच थोडी घेतली असेल, तर मिथेनॉलची लक्षणं लगेच दिसत नाहीत, बारा तास ते एक दिवसही जातो. डोळ्यांपुढे धूसर किंवा बर्फासारखं पांढरं दिसणं, पोटात दुखणं, उलट्या, धाप लागणं यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय न करता सरळ मोठ्या रुग्णालयात न्या आणि 'सापाची दारू प्यायलेत, मिथेनॉलची शंका आहे' असं पहिल्या वाक्यातच सांगा. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, लघवीत रक्त, पापण्या जड होऊन मिटू लागणं, गिळता न येणं ही विषाची चिन्हं असू शकतात, तीही लगेच सांगा.

तिसरी गोष्ट, साप कोणता. यात मला खरा रस आहे, म्हणून थोडं तपशिलात जातो. तुम्ही 'नाग' म्हणताय, कारण फणा आहे आणि विकणाऱ्याने तसं सांगितलं. पण पर्यटकांच्या बाटल्यांमधले बरेच 'नाग' नाग नसतात. व्हिएतनाममधल्या सापाच्या दारूच्या धंद्याची पाहणी २०१० साली कोइमतूरहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' या नियतकालिकात आली. बाटल्यांमध्ये सगळ्यात जास्त सापडला तो आपल्या पाणदिवडाचा अगदी जवळचा भाऊबंद, एक बिनविषारी पाणसाप. त्याची मान दाबून चपटी केली, ताणून धरली आणि तशीच पक्की होऊ दिली की अनोळखी माणसाला तो फणाच वाटतो.

ओळखायचं कसं? बाटली न उघडता, भिंग घेऊन काचेतून डोक्याची बाजू बघा. नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये किती खवले आहेत ते मोजा. पाणसापात नाकपुडीचा खवला आणि डोळ्याला लागून असलेला खवला यांच्यामध्ये आणखी एक छोटा सुटा खवला असतो. नागात तो नसतो, दोन्ही खवले एकमेकांना थेट भिडतात. दुसरी खूण पाठीवर. पाणसापाच्या पाठीवरच्या खवल्यांच्या मधोमध कण्यासारखी उभी रेघ असते, त्यामुळे अंग खरखरीत दिसतं. नागाचे खवले गुळगुळीत आणि तिरक्या ओळींत बसलेले असतात. पाणदिवडाच्या डोळ्याखालून आणि मागून दोन काळ्या तिरक्या रेषा जातात, त्याही बहुधा दारूत टिकतात. फण्यावरच्या खुणेवर मात्र विसंबू नका. आपल्या नागाच्या फण्यावर दहाचा आकडा असतो, तिकडच्या एकचष्मी नागाच्या फण्यावर एकच वर्तुळ असतं, आणि काही नागांमध्ये खूण अगदी पुसट असते.

तुम्ही म्हणाल, पाणसाप असेल तर बरंच झालं, विषच नाही. विषाची चिंता गेली हे खरं. पण मग दुकानदाराने सांगितलेलं औषधही गेलं, कारण त्याचा सगळा दावा नागाच्या ताकदीवर उभा होता. दारू आणि कुजणं हे दोन प्रश्न जसेच्या तसे उरतात. कायद्याचाही उरतो, त्यावर शेवटी येतो.

नीट केलेली सापाची दारू कशी असते याचं उदाहरण जपानच्या ओकिनावात आहे. तिथे हाबू नावाच्या विषारी सापापासून हाबूशू करतात. कारखान्यात सापाची आतडी काढतात, तो कडक अल्कोहोलमध्ये मुरवतात, आणि मग तो अर्क तांदळाच्या आवामोरी दारूत वनस्पती आणि मध घालून मिसळतात. बाटलीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाण छापलेलं असतं, आणि बऱ्याच बाटल्यांमध्ये साप नसतोच. तुम्ही हाबूशूची अशी बाटली घेऊन विचारलं असतंत तर माझं उत्तर पुष्कळ मवाळ असतं. औषध म्हणून तरीही 'नाही', पण 'पिऊ शकता का' याला मी 'तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर' असं म्हटलं असतं.

ओकिनावाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, कारण त्याचा धागा आपल्याकडे येतो. या हाबू सापांचा बंदोबस्त करायला १९१० साली तिथे मुंगसं सोडली, ती गंगेच्या मुखाकडून नेलेली होती. मुंगूस दिवसा हिंडणारं, हाबू रात्री. दोघांची गाठ फारशी पडलीच नाही, आणि मुंगसांनी फडशा पाडला तो तिथल्या पक्ष्यांचा. पुढे १९७९ साली तीच मुंगसं अमामी ओशिमा बेटावरही सोडली. तिथल्या दुर्मीळ सशांना वाचवण्यासाठी ती एकेक करून पकडावी लागली, आणि अमामी मुंगूसमुक्त झाल्याचं जपान सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलं. परिसंस्थेतून साप उचलणं काय आणि त्याच्यावर दुसरा प्राणी सोडणं काय, दोन्हींचा हिशेब फार उशिरा कळतो. म्हणूनच कोट्यवधी उंदीर खाणारे साप बरण्यांमध्ये भरले जातात तेव्हा मला भाताच्या शेतांची काळजी वाटते.

आता अण्णांचे गुडघे. सापाच्या विषातून औषधं निघाली आहेत, हे खोटं नाही. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषातल्या छोट्या प्रथिनाचा अभ्यास करून रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ साली अमेरिकेत मान्यता मिळवून बाजारात आलं. पण त्या गोळीत सापाचं काही नसतं. विषातला एक रेणू कसं काम करतो ते समजून घेऊन शास्त्रज्ञांनी पोटात टिकेल आणि मोजून देता येईल असा नवा रेणू बनवला. त्याचा डोस मिलिग्रॅममध्ये ठरतो. बाटलीतल्या एका पेल्यात काय आणि किती आहे हे कुणी मोजलेलं नाही, आणि पुढच्या बाटलीत तेच असेल असंही नाही.

पेला घेतल्यावर बरं वाटतं, असं अनेक जण सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. दारूने वेदना काही वेळ बोथट होते, झोप लागते. पण मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर दारू घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि सांधेदुखी युरिक आम्लाची असेल तर दारूने ती वाढते. वेदनाशामक गोळ्याही चालू असतील तर जठर आणि यकृतावर आणखी ताण. अण्णांची सांधेदुखी कोणत्या प्रकारची आहे हे आधी कळू द्या. आपल्याकडे घोरपडीचं तेल, सांड्याचं तेल गुडघ्याला लावणारे लोक मी पाहतो. दुखणं जुनं असलं आणि डॉक्टर 'वयानुसार होतं' म्हणून मोकळे झाले की माणूस असल्या गोष्टींकडे वळतो, हे मला समजतं. म्हणून अण्णांना नुसतं 'देणार नाही' सांगू नका. अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे स्वतः घेऊन जा.

सहलीत कुणी ताज्या सापाचं रक्त किंवा पित्त दारूत मिसळून घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तिथे मुरवणं नसतं, त्यामुळे परजीवी जंत आणि साल्मोनेला थेट पोटात जातात. कच्चं पित्त मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. आपल्याकडे रोहू-कटला माशाचं कच्चं पित्त औषध म्हणून गिळून मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी आहेत.

शेवटी शोकेस. आशियातले नाग आणि नागराज 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. पाणदिवड तिसऱ्या परिशिष्टात आहे, आणि तो तिथे भारतानेच घालायला लावला. म्हणजे बाटलीत अस्सल नाग असो की पाणदिवड, सुटका नाही. असा प्राणी किंवा त्याचा भाग कराराच्या कागदपत्रांशिवाय सीमेपार आणता येत नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने या कराराची तरतूद आली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याच दुरुस्तीनंतर आपला नाग पहिल्या अनुसूचीत आहे. विमानतळावर दोन लिटर दारू चालते म्हणून हीही चालेल, असं अनेकांना वाटतं. दारूची सवलत सापाला लागू होत नाही. विंचवाऐवजी टोके पाल किंवा समुद्रघोडा असलेल्या बाटल्यांनाही हेच लागू, ते दोन्ही दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

तुम्ही जाणूनबुजून काही केलेलं नाही, पण बाटली घरात ठेवणं, कुणाला भेट देणं किंवा ऑनलाइन विकायला टाकणं यातलं काहीही करू नका. मोरीतही ओतू नका. आधी एखाद्या वकिलाशी बोला. मग ती कुठून, केव्हा घेतली हे लिहून, बिल असेल तर जोडून, जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथून कार्यालयाचा पत्ता मिळेल. तोवर बाटली उभी, थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि वर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवा, कारण घरात पाहुणे येतात आणि अण्णांचे मित्रही.

बाटली देण्याआधी सापाच्या डोक्याचा बाजूने, काचेला अगदी जवळ नेऊन एक फोटो काढा. नाकपुडी आणि डोळा स्पष्ट आले पाहिजेत. दुसरा फोटो पोटाच्या खवल्यांचा, आणि जमलं तर तिसरा शेपटीच्या खालच्या बाजूचा. इथे टाका, साप कोणता ते मी सांगतो. वनविभागाला देताना अर्जात ते नाव लिहिता येईल.